आत्याच्या कॉम्प्युटरला विकतचा अँटीव्हायरस घ्यावा का?

मुळाकाठी :
माझी आत्या सदाशिव पेठेत एकटी राहते. वय ७२, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. डेस्कटॉप दहा वर्षांचा, विंडोज १०. त्यावर ती पेन्शनचं खातं बघते, मिळकतकर आणि लाइट बिल भरते, माजी विद्यार्थ्यांची यादी एक्सेलमध्ये ठेवते. अँटीव्हायरसची मुदत गेल्या आठवड्यात संपली. मशीन जिथून घेतलं त्या दुकानदाराने ‘तीन वर्षांचं पॅक घ्या, नाहीतर खात्यातले पैसे जातील’ असं सांगून तिला घाबरवून सोडलंय. त्यात परवा स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘पाच व्हायरस सापडले’ अशी लाल पाटी आली, खाली फोन नंबर. तो लावण्याआधी तिने मला फोन केला, म्हणून बचावलो.

माझं मत असं की विंडोजमध्ये त्याचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, असतोच, तो पुरे. पण उद्या काही झालं तर जबाबदारी माझी. कोणाला हे चूक वाटत असेल तर कारणासकट सांगा.

निळीशाई :
चूक नाही. डिफेंडर एके काळी कच्चा होता, पण आता अँटीव्हायरस तपासणाऱ्या जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट संस्थेच्या चाचण्यांत तो गेली काही वर्षं सातत्याने वरच्या गुणांत असतो. आणि ती लाल पाटी व्हायरसची नसावीच. कुठल्याशा साइटने ‘नोटिफिकेशन दाखवू का’ विचारलं असेल आणि ‘अलाउ’ दाबलं गेलं असेल. क्रोमच्या सेटिंग्जमधली नोटिफिकेशनची यादी उघडा, अनोळखी साइट काढा, पाटी जाईल.

एक मात्र आजच करा. मुदत संपलेला अँटीव्हायरस तसाच पडू देऊ नका. तो पूर्ण काढला की डिफेंडर आपोआप चालू होतो. विंडोज सिक्युरिटी उघडून हिरवी खूण दिसते का, तेही बघा.

दुरुस्तीचं_टेबल :
मी नारायण पेठेत २२ वर्षं मशीन दुरुस्त करतो. अँटीव्हायरस विकतोही, ते आधीच सांगतो, म्हणजे माझं मत त्या हिशेबाने वाचा.

चाचणीतलं मशीन आणि आत्यांचं मशीन यांत फरक आहे. आत्या हयातीच्या दाखल्याची प्रिंट काढायला पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाणार. दिवसभर शंभर जणांचे पेनड्राइव्ह त्या एका मशीनला लागतात. घरी आल्यावर फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट दिसतात, खऱ्या फायली लपलेल्या. हे मी दर महिन्याला बघतो. डिफेंडर हे पकडतो, मान्य, पण त्याची बरीचशी ताकद नेटवरून येते. ऑस्ट्रियाच्या एव्ही-कम्पॅरेटिव्हज या तशाच संस्थेने नेट बंद ठेवून घेतलेल्या चाचण्यांत त्याची पकड ढिली पडलेली दिसते. आणि रॅन्समवेअरपासून, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसपासून, फोल्डर राखायची त्याची सोय मुळात बंद असते. ती कोण चालू करणार? आत्या?

दुसरं म्हणजे फोन. पैसे भरले की हक्काने विचारता येतं. पुण्यात हा धंदा उभाच मुळी दुरुस्तीतून राहिला. कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, पुढे कॉम्प्युटर. गिऱ्हाइकांच्या मशीनमध्ये व्हायरस यायला लागले तेव्हा धाकटे भाऊ संजय यांनी ते काढायची साधनं लिहिली, त्यातून क्विक हील झालं. तेच घ्या असं मी म्हणत नाही. पण अडलेल्याला माणूस लागतो, ही गरज खरी आहे.

निळीशाई :
फोल्डरची सोय भाच्याने एकदा चालू करायची, पाच मिनिटांचं काम. त्यासाठी दर वर्षी पैसे का? आणि तिच्यामुळे कधीकधी एक्सेलसुद्धा फाइल साठवताना अडतं, हेही सांगा की.

आडवाटकर :
तुम्ही दोघं अँटीव्हायरसवर भांडताय आणि खालचं विंडोज कालबाह्य झालंय. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. डिफेंडरला नव्या व्हायरसची ओळख २०२८पर्यंत मिळत राहणार आहे, पण विंडोजमधलीच भोकं बुजली नाहीत तर नुसत्या त्या ओळखीने काय होणार?

वॉनाक्राय हा रॅन्समवेअर आठवा. मे २०१७मध्ये त्याने जगभर मशीन बंद पाडली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो घेतला नाही ते सापडले.

दहा वर्षांच्या मशीनवर विंडोज ११ रीतसर चढणार नाही. त्याला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि इंटेल असेल तर आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. मात्र विंडोज १०ला सुरक्षेचे जादा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसेही पडत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी दिसेल. तो अर्ध्या तासाचा उद्योग आधी उरका.

कर्वेरस्ता :
माझ्या सासऱ्यांच्या मशीनवर विकतचा अँटीव्हायरस होता. मुदतीतला, रोज अपडेट होणारा. गेल्या वर्षी फोन आला, ‘बिल थकलंय, रात्री साडेनऊला वीज तोडणार’. समोरच्याने एक ॲप घ्यायला लावलं, दुरून स्क्रीन चालवायचं. ॲप अधिकृत, कंपन्यांमध्ये रोज वापरतात ते. अँटीव्हायरस हूं की चूं करत नाही, का करावं? ओटीपी सासऱ्यांनीच वाचून दाखवला. ६४ हजार गेले. रक्कम भरून निघाली, पण ते अजून कुणाचाही फोन उचलायला बिचकतात. सोसायटीचा वॉचमन असला तरी.

१९३० हा ऑनलाइन फसवणुकीची तक्रार करायचा नंबर आम्हाला दुसऱ्या दिवशी कळला. पैसे पुढच्या खात्यांतून फिरायच्या आत तक्रार गेली तर अडवायला वाव असतो. तुमच्या आत्याच्या फोनशेजारी आजच लिहून चिकटवा.

दुरुस्तीचं_टेबल :
वाईट वाटलं वाचून. पण यावरून अँटीव्हायरस निरुपयोगी ठरत नाही. तो फोनवरच्या चोराला थांबवत नाही, पेनड्राइव्हमधल्याला थांबवतो. वेगळी दारं आहेत.

निळीशाई :
मुळाकाठी, मग मी एकच सुचवतो. आत्याचं विंडोजमधलं खातं साधं करा, ॲडमिनचं (मशीनवर काहीही बसवायची मुभा असलेलं) नाही. ॲडमिनचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे. पाचही मिनिटं लागत नाहीत आणि पुष्कळशी ॲप तिथेच अडतील.

शेवंती_६८ :
इथे मी थांबवते. माझ्या मुलाने माझ्या मशीनचं नेमकं हेच केलं. न विचारता. प्रिंटर बदलला तर तो बसवायला मला अमेरिकेत रात्र संपायची वाट बघावी लागली. मी ३१ वर्षं बँकेत होते, लेजरपासून कोअर बँकिंगपर्यंत सगळं शिकले. माझ्याच घरात माझ्या मशीनचा पासवर्ड मला ठाऊक नाही, याने मी सुरक्षित झाले नाही. मी त्याला विचारायचंच सोडून दिलं. शंका आली तरी फोन करत नव्हते, कारण पुन्हा काहीतरी काढून घेईल.

मुळाकाठी, तुमच्या आत्याने नंबर लावण्याआधी तुम्हाला फोन केला. ते टिकवा. मुख्याध्यापिका आहेत त्या, समोर बसवून सांगा, समजेल. अँटीव्हायरस घ्यायचा की नाही तेही त्यांना ठरवू द्या.

निळीशाई :
शेवंतीताई, पटलं. ‘पासवर्ड फक्त तुमच्याकडे’ हे वाक्य मी मागे घेतो. साधं खातं हवंच, यावर ठाम आहे.

मुळाकाठी :
रविवारी जाऊन आलो. हा सगळा धागा आत्याला वाचून दाखवला. जुना अँटीव्हायरस काढला, अपडेटची नोंदणी झाली. नोटिफिकेशनच्या यादीत १४ साइट निघाल्या, त्या तिनेच एकेक करून उडवल्या. साधं खातं तिला मान्य आहे, ॲडमिनचा पासवर्ड तिच्या हिशेबाच्या वहीत, तिच्याच अक्षरात. दुकानदाराला ‘तूर्त नको’ हेही तिनेच कळवलं. आणि दुरुस्तीचं_टेबल यांचं पेनड्राइव्हचं म्हणणं तिला सगळ्यांत जास्त पटलं. झेरॉक्सवाल्याला यापुढे फाइल मेल करणार.

दुरुस्तीचं_टेबल :
मेलचं चांगलं केलंत. बाकी माझं मत आहे तेच. विद्यार्थ्यांच्या यादीची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलीत का? आणि घेतल्यावर ती डिस्क मशीनला तशीच लावून ठेवली नाहीत ना? रॅन्समवेअर आला तर लावलेली डिस्कही कुलूपबंद होते.

मुळाकाठी :
तशीच लावलेली आहे. आत्ता फोन करतो.