भूल देतानाच कळलं की नस एक नाही
'सुंता करताना मुख्य नसच जाते' असं काही जण म्हणतात, ते चूक आहे. मुख्य नस म्हणजे डॉर्सल नर्व्ह, ती प्युडेंडल नर्व्हची, म्हणजे गुप्तांगाकडं जाणाऱ्या मोठ्या नसेची, फांदी. ती वरच्या अंगानं शिश्नमुंडापर्यंत जाते आणि ऑपरेशनमध्ये शाबूत राहते. जातात ती पुढच्या कातडीतली बारीक टोकं. पण म्हणून 'काहीच फरक पडत नाही' हेही मला पटत नाही. हलका स्पर्श टिपणारी माइस्नर कणिका त्या कातडीत भरपूर असतात, मुंडावर बहुतेक नसांची उघडी टोकंच.

माझं चाळिशीत झालं, इथंच कोल्हापुरात. शुगरमुळं कातडी आवळून चिरा पडायच्या. शिश्नाच्या मुळाशी वरच्या अंगाला भुलीची दोन इंजेक्शनं दिली, तरी खालच्या दोरीपाशी, फ्रेन्युलमला, चांगलंच चुणचुणलं. डॉक्टर म्हणाले, "तिथं पेरिनिअल नर्व्हच्याही, म्हणजे प्युडेंडलच्याच दुसऱ्या फांदीच्या, फांद्या येतात," आणि खालून आणखी एक टोचलं. पुढं तीन आठवडे चड्डीचा स्पर्शसुद्धा नको वाटायचा, रंकाळ्याची चक्कर बंद! मग ते बोथटलं. आता बारीक गुदगुल्या कमी, दाब-उष्णता पहिल्यासारखीच. बायकोला विचाराल तर तिला फरक फक्त माझ्या कुरकुरीत जाणवला.