पिकअपच्या चाकांच्या जुन्या लोखंडी डिस्क (रिम) कमी खर्चात रंगवायच्या आहेत

पिकअपवाला, इंदूर: १६ इंची पाच डिस्क आहेत, कडेला गंज धरलाय. पावडर कोटिंग परवडत नाही. घरी कसं करावं?

रंगकाम: आधी टायर उतरवून घ्या. टायरची बीड (आतली कडक कड) बसते त्या कडेचा गंज टायर असताना निघत नाही, आणि हवा तिथूनच झिरपते. ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावा, चष्मा हवाच. खोल खड्ड्यांत फॉस्फोरिक आम्लाचं गंजनाशक लावून पाण्यानं नीट धुवा, लगेच वाळवा. आम्ल राहिलं तर वरचा इपॉक्सी प्रायमर धरत नाही, पापुद्रे सुटतात. मग थिनरनं पुसून इपॉक्सी प्रायमरचे दोन पातळ हात. पाच डिस्कना साधारण एक लिटर. वर सिंथेटिक इनॅमल ब्रशनंही चालतं. मात्र त्यावर नंतर एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग नको, सुरकुत्या पडतात. इंदूरच्या सियागंज बाजारात सुटं सामान पाहा. पावसाळी दमट दिवस टाळाच.

टायरवाला: एक राहिलं. डिस्क हबला (चाक ज्यावर बसतं तो भाग) टेकते ती जागा आणि नटांच्या बैठका मास्किंग टेपनं झाका. तिथला जाड रंग दाबानं चेपतो आणि नट सैल होतात. चाक बसवल्यावर ५०-१०० किमीनंतर टॉर्क (नट किती आवळलेत ते) पुन्हा तपासा. बोल्टच्या भोकांभोवती तडा दिसला तर ती डिस्क भंगारात द्या, वेल्डिंग करून वापरू नका.

पिकअपवाला: लॉक रिंगवाली (टायर सुट्या लोखंडी कडीनं अडकवलेली) डिस्क असेल तर?

टायरवाला: मग उतरवण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा. दाबाखाली उडालेली रिंग जीव घेते. हे काम टायरच्या दुकानातच करून घ्या.