करीच्या दिवशी घसरलो. मीटिंगला परत जाण्याचे बळ कसे आणावे?

धुऱ्यावरून:
सर्वांना नमस्कार. मी चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीकाठच्या एका खेड्यात शेती करतो. आमच्या जिल्ह्यात २०१५ पासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती. त्या काळातही मी नदी ओलांडून वणीकडे जाऊन पीत असे, त्यामुळे दुकान उघडे की बंद यावर माझे पिणे अवलंबून नाही, हे मला चांगले ठाऊक आहे. गेल्या वर्षी आषाढात अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या, ग्रुपमध्ये जाऊ लागलो आणि १४ महिने थेंबालाही शिवलो नाही.

यंदा पोळा नीट पार पडला. बैल तोरणाखाली उभे केले, झडत्या ऐकल्या आणि दिवेलागणीला घरी आलो. दुसऱ्या दिवशी, करीला, पत्त्यांच्या बैठकीत जाऊन बसलो. तेथे एक जण म्हणाला, "आता तं सुटली ना तुही, मंग एकानं काय होते?" त्यानंतर ११ दिवस सलग प्यालो.

आज कोरडा राहिल्याचा १६वा दिवस आहे. मीटिंग रविवारी ३५ किलोमीटरवरच्या शहरात असते. दोन रविवार मी एसटीच्या थांब्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. ज्या लोकांनी वर्ष पूर्ण झाल्यावर माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यासमोर उभे राहून पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचे, ही लाज सोसवत नाही. स्पॉन्सरचे, म्हणजे मला मार्ग दाखवणाऱ्या ग्रुपमधील जुन्या सदस्याचे, फोनही मी घेतलेले नाहीत. पूर्वीचा उत्साह मनात परत कसा आणावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी सल्ला द्यावा.

जुना_प्रवासी:
भाऊ, मी स्वतः दोनदा घसरून परत आलेला माणूस आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. उत्साह येईल आणि मग जाईन, असे ठरवले तर हा रविवारही थांब्यावरच जाईल. मी दुसऱ्यांदा परतलो तेव्हा माझ्या मनात उत्साह तर नव्हताच, उलट खोलीतल्या प्रत्येकाचा राग होता. तरीही गेलो, मागच्या खुर्चीवर बसलो आणि तीन आठवडे काहीही बोललो नाही. सदस्यत्वासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. त्यात उत्साहाचा उल्लेख नाही.

लाजेविषयी एक गोष्ट सांगतो. या चळवळीचे संस्थापक बिल विल्सन आणि डॉ. बॉब यांची भेट अमेरिकेतील ॲक्रन शहरात १९३५ च्या मे महिन्यात झाली. भेटीनंतर काही आठवड्यांतच डॉ. बॉब वैद्यकीय परिषदेसाठी अटलांटिक सिटीला गेले आणि तेथे पुन्हा प्याले. परत आल्यावर त्यांनी जो शेवटचा प्याला घेतला, तो दिवस १० जून १९३५ मानला जातो, आणि जगभरातील ग्रुप आजही तोच दिवस स्थापनेचा मानतात. म्हणजे ज्या तारखेपासून सगळ्यांचेच मोजणे सुरू होते, ती एका घसरून परतलेल्या माणसाची तारीख आहे. तुमच्या ग्रुपमधील जुन्या सदस्यांना हे माहीत असणार. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जण तुमच्यासारखे परत आलेले आहेत, ते एकदा विचारून पाहा.

आता मला खटकलेली बाब. तुम्ही इतके सविस्तर लिहिलेत, पण त्यात आपल्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्यांचा एकही उल्लेख नाही. चौथ्या पायरीची आत्मपरीक्षणाची वही तुम्ही लिहिली होती का, आणि पाचव्या पायरीप्रमाणे ती कोणाला वाचून दाखवली होती का? माझी पहिली घसरण झाली तेव्हा मी दीड वर्ष नियमित मीटिंगला जात होतो आणि वही कोरी होती. शिवाय प्याला पुढे करणाऱ्याचे बोलणे तुम्ही शब्दशः दिले आहे; त्या बैठकीपर्यंत तुमचे पाय कसे गेले, हे मात्र "जाऊन बसलो" एवढ्यात संपवले आहे. वहीची सुरुवात तेथून करावी, असे मला वाटते.

एक व्यवहाराची सूचना. थोड्याच दिवसांत सोयाबीन निघेल. बाजार समितीतला चुकारा थेट घरच्यांच्या खात्यात जाईल अशी व्यवस्था आजच करा, आणि माल विकायला एकटे जाऊ नका. रोख पैसा, रिकामी ट्रॉली आणि संध्याकाळची वेळ एकत्र आली की भल्याभल्यांच्या पायऱ्या गळून पडतात.

उंबरठा:
माझे यजमान नऊ वर्षांपूर्वी असेच घसरले होते. तेव्हा एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून मी त्यांच्या जेवणात गुपचूप औषध मिसळणार होते. डॉक्टरांनी वेळीच सांगितले की रुग्णाला न कळवता डायसल्फिराम (दारू प्यायल्यास तीव्र त्रास घडवणारे औषध) देणे जिवावर बेतू शकते. धागा वाचणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. त्यानंतर मी स्वतः ॲल-अनॉनच्या, म्हणजे कुटुंबीयांच्या, मीटिंगला जाऊ लागले. दादा, आपल्या घरी सर्व सांगितले आहे का? घरच्यांना बहुधा आधीच कळलेले असते.

सावलीतला:
मी ग्रुपला जातो आणि मानसोपचारतज्ज्ञांकडून नाल्ट्रेक्सोन हे दारूची ओढ कमी करणारे औषधही घेतो. औषध घेतले म्हणजे पायऱ्यांवर विश्वास नाही, असे काही जण मानतात. ग्रुपच्या तत्त्वांत असे कोठेही नाही. जे अजून पीत आहेत त्यांनी घरच्या घरी एकदम बंद करू नये. हातपाय थरथरणे, झटके, भास होणे यांपैकी काही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६.

धुऱ्यावरून:
सर्वांचे आभार. पत्नीला काल सांगितले. उंबरठाताई, आपले म्हणणे खरे ठरले. तिला करीच्या रात्रीच कळले होते. स्पॉन्सरला फोन लावला, तेव्हा त्यांनी काहीही न विचारता रविवारी कोणत्या गाडीने येणार, एवढेच विचारले. साडेनऊची सांगितली.

जुन्या प्रवाशांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, मी तिसऱ्या पायरीपुढे गेलोच नव्हतो. काल रात्री वहीत पहिले पान लिहायला बसलो, तेव्हा प्याला पुढे करणाऱ्याचे नाव लिहिले आणि मग खोडले. करीच्या सकाळी, कोणीही बोलावण्याच्या आधी, मी कपाटातून ५०० रुपये काढून खिशात ठेवले होते. हे मी वरच्या मजकुरात लिहिले नव्हते.