घरचा रेल्वे लेआउट: मंडळी जमवून बांधावा की एकट्यानं?

घाटचढण

मुद्दा थेट मांडतो. पहिलाच लेआउट, म्हणजे फळीवर मांडलेली छोटी मॉडेल रेल्वे, असेल आणि जेवणाच्या टेबलावर मावणाऱ्या गोल रुळापेक्षा मोठा असेल, तर तो एकट्यानं बांधू नये. या छंदातले तीन-चार जण बोलवावेत. एकट्यानं घेतलेलं काम उघड्या प्लायच्या फळीवर येऊन अडकतं. त्यात आळसाचा भाग कमी. सुतारकाम, मोजणी आणि वायरिंग ही तिन्ही एकाच माणसाला एकाच वेळी नवीन असतात.

कर्जत–लोणावळा घाट घ्या, एचओ मापात, म्हणजे खऱ्याच्या १:८७. खरा चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर. खालच्या रुळावरून वरचा रूळ न्यायचा तर रुळाच्या माथ्यापासून पुलाच्या पोटापर्यंत ७५ मिमी मोकळी जागा लागते. त्यावर ९ मिमी प्लाय, ३ मिमी कॉर्क आणि स्लीपरसकट रूळ ५ मिमी. एकूण ९२. ३७ला १ नं एवढं चढायला ३.४ मीटर लागतात. चढ सुरू होताना आणि संपताना हलकेच वळवावा लागतो, म्हणजे पावणेचार मीटर धरा. एवढ्या लांबीत एकानं लेव्हल बघायची, दुसऱ्यानं खालचे टेकू वरखाली करायचे, तिसऱ्यानं क्लॅम्प आवळायचा.

खऱ्या घाटातसुद्धा कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावतात. तिथे कुणाला कमीपणा वाटत नाही.

एकटा_चालक

असहमत. बँकर लोणावळ्याला सुटतो. तुमची मंडळी कुठे सुटणार, ते आधी सांगा. फ्रेम उभी राहिली, फोटो निघाले, पोहे झाले, की दोन महिन्यांनी बोगद्यात गाडी बंद पडते तेव्हा टेबलाखाली मालक एकटाच असतो. आणि वर बघतो तर तीन माणसांच्या तीन पद्धतींच्या वायरी.

चढ धरायला तीन माणसं लागतात हेही खरं नाही. ३७० मिमी लांबीची सरळ पट्टी घ्या आणि एका टोकाला खालून १० मिमीचा ठोकळा चिकटवा. ठोकळ्याचं टोक उताराकडे ठेवून पट्टी रुळाच्या प्लायवर ठेवायची, वर लेव्हल. बुडबुडा मधोमध आला की चढ ३७ला १. एका हातानं पट्टी, दुसऱ्या हातानं टेकूचा स्क्रू. ५० ला १ हवा असेल तर पट्टी ५०० मिमीची, ठोकळा तोच.

माणसं लागतात कारण लोक पहिल्याच फटक्यात ८ बाय ४ फुटांचा १९ मिमी प्लाय आणतात. एका पानाचं वजन ३५ किलोच्या पुढे, हलवायलाच दोघं हवेत. शिवाय तो भिंतीला टेकवला की मागचा रूळ १२० सेंमी लांब. हात पोचतो जेमतेम ७०. गाडी घसरते ती नेमकी तिथेच. त्यापेक्षा १२० बाय ६० सेंमीचे तुकडे करा, १२ मिमी प्लाय. एक तुकडा फ्रेमसकट आठ-नऊ किलोचा होतो, एकटा माणूस उभा करून आडवा पाडून त्यावर बसून काम करू शकतो.

सांधेवाला

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. मदत घ्यावी, पण कुठल्या दिवशी कोणती, हे मालकानं ठरवावं. सगळ्यात जास्त घोटाळा वायरिंगच्या दिवशी होतो, म्हणून तेच सविस्तर लिहितो.

दोघं वर, दोघं खाली अशी वाटणी करतात. वरचा म्हणतो "डावा रूळ लाल". खालचा उताणा पडलेला असतो, डोकं कधी भिंतीकडे, कधी खिडकीकडे. त्याचा डावा वेगळा. शॉर्टचा उगम बहुतेक वेळा इथे असतो. उपाय सोपा: डावं-उजवं हे शब्दच बंद. "भिंतीकडचा" आणि "आपल्याकडचा" म्हणा. भोक पाडल्याबरोबर वरून लाल वायर खाली सोडा आणि प्लायच्या पोटाला भोकाशेजारी लाल टेपचा तुकडा लावा. मग खालचा कसाही झोपू दे.

मुख्य वायरींची जोडी २.५ चौरस मिमीची, घराच्या वायरिंगची असते तीच. तिच्यातून दर मीटरला ०.५ ची फीडर वायर रुळाला. नुसत्या जॉइनरच्या, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या तुकड्याच्या, भरवशावर वीज पुढे जाते खरी, पण आपल्या दमट हवेत वर्षा-दोन वर्षांत जॉइनरच्या आत काळं धरतं आणि गाडी टोकाला जाऊन मंदावते.

आणि एक नियम, यात तडजोड नाही: प्रत्येक फीडर जोडल्यावर मल्टिमीटर बझरवर ठेवून दोन्ही रुळांना लावायचा. या वेळी रुळावर इंजिन किंवा दिव्याचा डबा नको, नाहीतर मीटर उगाच काहीतरी दाखवतो. वाजला, तर चूक शेवटच्या जोडात आहे. चौघांनी मिळून तीस फीडर धडाधड जोडले आणि मग तपासलं, तर तीसही संशयित.

एकटा_चालक

+१, पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. एका माणसानं एक फीडर, एक बझर, एक फीडर, एक बझर असं केलं तर चूक राहायला जागाच नाही. चौघं आले की घाई येते.

घाटचढण

घाई येते हे कबूल. पण चौघांत एक जण असा असतो ज्याला सांध्याच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेतो तो) फ्रॉगचं, म्हणजे त्यातले आतले दोन रूळ जिथे मिळतात त्या टोकाचं, कळतं. एकट्या नवशिक्याला माहीतच नसतं की धातूचा फ्रॉग असलेल्या सांध्याच्या पुढचे दोन्ही आतले रूळ इन्सुलेटेड जॉइनरनं तोडावे लागतात. नाही तोडले आणि पलीकडे फीडर असेल, तर सांधा फिरवला की शॉर्ट. नवा माणूस आठवडाभर कंट्रोलरला दोष देत बसतो. जाणता माणूस बघून दोन मिनिटांत सांगतो. ही दोन मिनिटं कुठल्या पट्टी-ठोकळ्यानं मिळणार?

नऊ_मिमी

तुमचा वादच मला चुकीच्या जागी चाललेला दिसतो. एकाच्या घरी सगळ्यांनी का जमायचं? प्रत्येकानं आपापल्या घरी आपला तुकडा बांधावा आणि मग जोडावा. एचओहून लहान एन स्केलमध्ये टी-ट्रॅक नावाची पद्धत आहे. कॅटो या जपानी कंपनीचा युनिट्रॅक हा तयार रूळ वापरतात: २४८ मिमीचा एक आणि ६२ चा एक, मिळून ३१० मिमी. खोका मुद्दाम ३०८ चा, म्हणजे रूळ दोन्ही बाजूंनी मिलिमीटरभर बाहेर राहतो आणि खोके एकमेकांना अडत नाहीत. दोन रुळांत ३३ मिमी अंतर. खोक्याखाली चार बोल्ट, उंची त्यांनी जुळवायची. कपाटात मावतं, रिक्षात मावतं. मुंबईतल्या वन-बीएचकेत याहून शहाणा मार्ग नाही.

मदत घ्यायची ती मोजमापाची. नियम पाळला की अनोळखी माणसाचा खोकाही तुमच्या खोक्याला जुळतो.

घाटचढण

ताई, खोक्यांची शिस्त मान्य. पण तो सगळा सपाट प्रदेश. ३७ला १ त्यात कुठे बसवणार? आणि एनमध्ये आपले डबे, आपली इंजिनं मिळणं दुरापास्त. दोन-दोन वर्षं जपानी गाड्याच फिरवायच्या का?

नऊ_मिमी

घाट हवाच असेल तर जुना घाट करा. १८६३ साली हाच घाट, भोर घाट, सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी वर चढून थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि पुढचा चढ उलट दिशेनं. पावणेचार मीटरचा चढ दोन मीटरच्या फळीवर दुमडता येतो. आणि विजेच्या दृष्टीनं ते अगदी निरुपद्रवी आहे: गाडी मागे येते, रूळ कुठेही वळून स्वतःला मिळत नाही, म्हणून शॉर्टचा प्रश्न नाही. शेवटी गोल फिरवून तोच रूळ स्वतःला जोडला, तर मात्र लाल रूळ काळ्याला मिळतो आणि रुळाचे लाल-काळे आपोआप उलटवणारा ऑटो-रिव्हर्सर लागतो. अनुभवी मंडळींनी नकाशा पाहून पहिल्या दिवशी हेच सांगितलं पाहिजे. दुर्दैवानं ती मंडळी पहिल्या दिवशी झाडं कुठली लावायची यावर बोलत असतात.

सांधेवाला

नकाशावरून आठवलं. मदतीचा सगळ्यात मोठा उपयोग हातांचा नाही, "हे करू नकोस" म्हणणाऱ्या माणसाचा आहे. आपले जुन्या पद्धतीचे आयसीएफ डबे २१.३ मीटर, म्हणजे एचओत २४५ मिमी. नव्या पद्धतीचे एलएचबी २३.५ मीटर, म्हणजे २७० मिमी. सुरुवातीच्या संचातलं ३७१ किंवा ४३८ मिमी त्रिज्येचं वळण यांना पुरत नाही. डब्याचं पोट आत येतं, टोक बाहेर जातं, कपलिंग खेचून शेजारचा डबा पडतो. डब्याच्या लांबीच्या किमान अडीचपट त्रिज्या धरा. आयसीएफला ६१० च्या आसपास, एलएचबीला ६७५. मग १२० सेंमी रुंदीच्या पानावर पूर्ण गोल बसतच नाही, हे प्लाय कापायच्या आधी कळतं.

अवांतर: आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, ८७ नं भागला तर १९.३ येतो. बाजारातला रूळ १६.५ चा, तो १४३५ च्या गेजसाठी. ही तफावत सोडून द्या. यावर वाद घालणाऱ्याला रविवारी बोलवू नका.

रंधा

एकट्यानं की चौघांनी हे राहू दे. सुताराला बोलवा की. दोन दिवसांत काम.

एकटा_चालक

सुतार टेबल करेल, लेआउट नाही. १९ मिमीचा अखंड माथा, वर सनमायका, कडेला बीडिंग. सनमायकावर कॉर्क फेविकॉलनं धरत नाही, सोलून येतो. अखंड माथ्यात दरी करता येत नाही, चढ फक्त वर ठोकळे रचून. लेआउटला जाळी लागते: २५ बाय ७५ मिमीच्या पट्ट्या, आडव्या पट्ट्या दर ४० सेंमीला, आणि प्रत्येक आडव्या पट्टीत वायरीसाठी २० मिमीचं भोक. हे भोक पट्टी बसवण्याआधी पाडायचं. बसवल्यावर ड्रिल आत शिरत नाही. सुताराला बोलवायचंच तर त्याच्याकडून पट्ट्या काटकोनात कापून घ्या, रंधा मारून घ्या आणि निरोप द्या.

रंधा

बरं, सनमायका रद्द. पण लाकूड कुठलं ते तरी नीट लिहा. सगळे प्लाय-प्लाय करताहेत.

सांधेवाला

पाण्याला टिकणारा प्लाय. एमडीएफ नको, पावसाळ्यात कडा फुगतात. आणि प्लायच्या दोन्ही बाजू आणि कडा सीलरनं बंद करा. रूळ वाकतात ते उन्हानं असं सगळे म्हणतात. हिशोब करून बघा: निकेल-सिल्व्हरचा ३ मीटर रूळ २० अंशांच्या फरकानं साधारण १ मिमी वाढतो. खरा खेळ लाकडाचा. जुलैत फुगलेल्या फ्रेमवर रूळ फटी न ठेवता ठोकले, तर एप्रिलमध्ये फ्रेम आकसते, रुळाला जागा उरत नाही आणि तो वळणावर बाहेर फुगतो. पावसाळ्यात रूळ टाकायचे तर एकाआड एक जॉइनरपाशी मिलिमीटरभर फट. फक्त वळणावरचे जोड आधी सरळ ठेवून सोल्डर करायचे आणि मग वाकवायचे, नाहीतर जोडाशी कोन राहतो.

घाटचढण

हे मंडळींतल्या कुणाला तरी माहीत असतं, हाच माझा मुद्दा. असो. एक काम तरी सगळ्यांनी मिळून करावं असं तुम्हाला वाटतं का? माझ्या मते खडी टाकायचा दिवस. नवखी मुलंसुद्धा बसू शकतात.

एकटा_चालक

खडी तर मुळीच नाही! फेविकॉल एकास चार पाणी, थेंबभर भांड्याचा साबण, ड्रॉपर हातात, आणि उत्साही पाहुणा. सांध्याच्या हलत्या पात्यांखाली एक थेंब गेला की पाती कायमची चिकटली. सहाशे-सातशे रुपयांत नवा सांधा येत नाही हो. शिवाय एकदा खडी चिकटली की रूळ उचलून दुरुस्ती संपली. किमान महिनाभर गाड्या पुढे-मागे, लांबातले लांब डबे जोडून, डबे मागून ढकलत चालवल्याशिवाय खडीला हात लावू नये.

सांधेवाला

महिन्याची अट मान्य. मग अशी वाटणी करा: सांध्यापासून दोन्ही बाजूंना ५ सेंमी मालकाची हद्द. तिथे खडी कमी, कोरड्या कुंच्यानं सारलेली, आणि गोंद ड्रॉपरनं नाही, काडीच्या टोकानं. ओला असताना सांधा दर दहा मिनिटांनी फिरवत राहायचं. बाकी सरळ रूळ पाहुण्यांचा. त्यांनी आधी स्पिरिट फवारायचं, मग गोंद. कोरड्या खडीवर थेंब पडला तर गोळा होऊन बसतो, आत मुरत नाही.

नऊ_मिमी

आणि खडी क्रशरवरची कच चहाच्या गाळणीतून चाळून घेणार असाल, तर तिच्यावरून चुंबक फिरवा. आपला काळा दगड आहे, त्यात चुंबकाला धरणारे कण असतात. इंजिनाची मोटर ते उचलते आणि गिअरात नेते.

एकटा_चालक

चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवा. नाहीतर ते कण चुंबकावरून काढत रविवार जाईल, चार माणसं असली तरी.