पाडण्याआधी माळवदावर चढून बघा

मोंढ्यातल्या (घाऊक धान्यबाजारातल्या) आपल्या जुन्या आडत इमारतीचं, म्हणजे दलालीवर शेतमाल विकायच्या दुकानाच्या इमारतीचं, काय करावं असं तुम्ही विचारलंय; ती पाडून खाली दुकानं, वर फ्लॅट करा, असा सल्ला तुम्हाला मिळालाय. खाली दुकान, वर बिऱ्हाड ही आपल्याकडे नवी गोष्ट नाहीच की! लातूरच्या गंजगोलाई या जुन्या बाजारपेठेला 16 रस्ते येऊन मिळतात, सोन्यापासून गूळ-मिरचीपर्यंत सगळं तिथं मिळतं. अशी गर्दी नवा मॉल कुठून आणणार?

आमचंही आडत दुकान होतं. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं सपाट मातीचं छत, त्यावर पांढरी माती. भर मे महिन्यात हमाल मंडळी खालच्या थंड फरशीवर डुलकी काढायची. नंतर एका ठेकेदाराच्या नादी लागून चुन्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. ओल आत कोंडली, दोन पावसाळ्यांत लोणा लागून (भिंतीवर क्षार फुटून) पोपडे गळायला लागले. चुन्याला चुनाच लागतो. कळलं, पण खर्च करून!

माळवदाचं वजन आधीच फार असतं, त्यामुळे त्यावर मजला चढवायचा विचार सोडा. वाढीव बांधकाम मागच्या अंगणात, वेगळ्या पायावर करावं. जुनी इमारत न पाडताही दुकानं करता येतात: लंडनच्या कोव्हेंट गार्डनचा भाजीबाजार 1974 साली दुसरीकडे हलला, इमारत ठेवली आणि 1980 मध्ये तिथं दुकानं उघडली.

तुमच्या इमारतीत पार्किंगचं काय करणार, ते मात्र सांगा.