मदत हवी आहे: जुना अँटिव्हायरस लॅपटॉपमधून मुळासकट कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. बाबांच्या लॅपटॉपवर, विंडोज ११, मुदत संपलेला एक जुना अँटिव्हायरस आहे. सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल केला, रीस्टार्ट केला, यादीतून नाव गेलं. पण 'रिन्यू करा'ची खिडकी अजून येतेच. खरी काळजी वेगळी आहे. दुसरा अँटिव्हायरस नोंदलेला दिसला की विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, स्वतःहून बंद राहतो, आणि इथे तो चालूच होत नाहीये. बाबा पेन्शनचं, बँकेचं सगळं त्यावरच बघतात.

प्रोग्रॅम फाइल्स आणि प्रोग्रॅमडेटामध्ये त्याचे फोल्डर सापडले, पण डिलीट करताना परवानगी नाकारतो. त्याची सर्व्हिस, म्हणजे न दिसता चालणारा भाग, मागे चालू असणार. अशा वेळी कंपनीचं रिमूव्हल टूल सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गरजेच्या गोष्टींसह सुरू करून) चालवायचं का? आणि आधी रिस्टोअर पॉइंट (विंडोज आधीच्या स्थितीला परत नेण्याची सोय) पुरेसा, की पूर्ण बॅकअप घ्यावा? रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदींत, हाताने काही उडवायची माझी तयारी नाही. 'रजिस्ट्री क्लीनर'वर तर अजिबात विश्वास नाही.

लॅमिंग्टन रोडला एका दुकानात सरळ फॉरमॅट करा म्हणाले. ते शक्य नाही, बाबांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची सीडी आता मिळत नाही.

कुणी हे स्वतः केलं असेल तर क्रमाने सांगा, प्लीज. दादर-माहीमकडे घरी येऊन करणारा खात्रीचा माणूस माहीत असेल तर तेही कळवा.