शाळा सुटल्यावर भावाचे चालणेही सुटले: हा आळस म्हणावा का?

प्रश्न (धाकट्याची ताई)

नमस्कार. माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा असून त्याला डाऊन सिंड्रोम आणि मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता आहे. विशेष शाळेत होता तोपर्यंत रोज खेळाचा तास असे, जाण्यायेण्याचे चालणे होई आणि मधल्या सुट्टीत मुलांबरोबर चेंडूही खेळला जाई. शाळा सुटली आणि हे सगळे एकदमच थांबले. आता दिवसातला बहुतेक वेळ तो टीव्हीसमोर एकाच खुर्चीत बसून असतो. वजन वाढले आहे, जिना चढताना धाप लागते आणि बद्धकोष्ठता नित्याची झाली आहे. डॉक्टरांनी ‘रोज अर्धा तास चालवा’ एवढेच सांगितले. पण बाहेर काढले की तो थोडे अंतर चालतो आणि रस्त्यातच बसकण मारतो. घरातले त्याला आळशी म्हणतात. मला ते पटत नाही, परंतु वेगळे काय म्हणावे तेही सुचत नाही. त्याने किती हालचाल करावी, त्यात धोका कोणता आणि ती त्याच्याकडून करून कशी घ्यावी, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट)

ताई, आपला भाऊ अपवाद नाही. जगभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांपैकी जेमतेम ९ टक्के लोक किमान शिफारशीइतकी हालचाल करताना आढळले. शंभरातले नव्वद जण आळशीच निपजतात असे मानण्यापेक्षा त्यांच्या दिवसाची रचनाच तशी असते, हे मानणे अधिक सयुक्तिक आहे. आपण केव्हा उठतो, कुठे जातो, कोणाबरोबर जातो हे आपले आपण ठरवतो. आपल्या भावासाठी यातले जवळजवळ सर्व काही दुसरे कोणीतरी ठरवते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सुधारित शिफारशी दिल्या आणि त्यात दिव्यांग व्यक्तींचा प्रथमच स्वतंत्र विचार केला. प्रमाण इतर प्रौढांइतकेच आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम. मात्र त्याच शिफारशी असेही सांगतात की काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे, आणि सुरुवात थोडक्याने करून हळूहळू वाढवावे. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशेबात धरली जात नसे. ती अट आता नाही. त्यामुळे तीन-चार मिनिटांचे चालणेही जमेस धरावे. बसण्याची मालिका मध्येमध्ये तुटणे हे आज त्याच्यासाठी अर्ध्या तासाच्या फेरीइतकेच महत्त्वाचे आहे.

आता त्या बसकण मारण्याविषयी. माझ्या कामात मला हे वारंवार दिसते, आणि घरचे लोक त्याला हट्ट समजतात. कधी तो हट्ट असतोही. परंतु ज्याला ‘पाय दुखतो’ किंवा ‘दम लागला’ हे शब्दांत नीट सांगता येत नाही, तो खाली बसूनच सांगणार. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायू सैल आणि सांधे ढिले असतात, पावले बहुधा सपाट असतात, त्यामुळे तेवढेच अंतर चालायला त्यांना आपल्यापेक्षा अधिक श्रम पडतात. थायरॉइडचे कार्य मंदावणे आणि झोपेत श्वास अडखळणे या दोन्ही गोष्टी त्यांच्यात सामान्य लोकांपेक्षा बऱ्याच अधिक आढळतात, आणि दोन्हींचे बाह्य रूप सुस्तीच असते. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो, म्हणून जुनी कागदपत्रे काढून पाहावीत. सततची औषधे चालू असतील तर तीही डॉक्टरांना दाखवावीत. मानसोपचारातील काही औषधांनी वजन वाढते आणि गुंगी राहते. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

मानेचा मुद्दा वेगळा सांगतो. डाऊन सिंड्रोममध्ये मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधील सांधा काही जणांत अस्थिर असतो. मान दुखणे, मान वाकडी धरणे, चालण्याची ढब अलीकडे बदलणे, हातापायांतला जोर कमी होणे किंवा लघवीवरील ताबा नव्याने सुटणे, यातले काहीही दिसल्यास व्यायाम थांबवून त्वरित डॉक्टरांना दाखवावे. कोलांटी आणि पाण्यात सूर मारणे तपासणीशिवाय नकोच.

नाडीच्या आकड्यांमागे लागू नका. हृदयाचे कमाल ठोके काढण्याचा ‘२२० वजा वय’ हा हिशेब त्याला लागू पडत नाही, कारण डाऊन सिंड्रोममध्ये श्रमाच्या वेळी हृदयाचे ठोके तितके वाढतच नाहीत. चालताना तो बोलू शकतो पण गाणे म्हणू शकत नाही, इतका वेग मध्यम श्रमाचा समजावा.

उत्तर २ (दिवस केंद्रातील काळजीवाहक)

वरील उत्तरात वैद्यकीय बाजू आली आहे, म्हणून मी केवळ ‘कशी घ्यावी’ एवढ्यापुरते लिहिते.

स्कॉटलंडमध्ये १०२ प्रौढांवर ‘वॉक वेल’ नावाची चाचणी झाली होती. पावले मोजण्याचे यंत्र, सल्लागाराच्या भेटी, ठरवून दिलेले लक्ष्य, असा बारा आठवड्यांचा नीट आखलेला कार्यक्रम होता. निष्कर्ष २०१५ मध्ये आले आणि पावलांमध्ये लक्षणीय फरक पडला नव्हता. मला त्याचे नवल वाटले नाही. ‘कालपेक्षा पाचशे पावले जास्त’ ही कल्पना आमच्या केंद्रातील बहुतेकांसाठी हवेतली आहे. आणि सोबत चालणाऱ्याला वेळ नसेल, तर लक्ष्य भिंतीवरच राहते.

आमच्याकडे जे टिकले ते सांगते. चालण्याला ठिकाण लागते आणि ठिकाणी पोहोचल्यावर करायचे काम लागते: पत्र टाकणे, झाडांना पाणी घालणे, शेजाऱ्याला काही नेऊन देणे. दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर लावावा, झालेले चित्र त्याने स्वतः काढून पाकिटात टाकावे. वेळ आणि माणूस शक्यतो तेच ठेवावेत. सूचना एका वेळी एकच द्यावी आणि नंतर थांबावे. आपण फार लवकर दुसऱ्यांदा सांगतो, त्याला पहिलीच अजून उमगत असते. नाच हा तर आमचा हुकमी उपाय आहे, कारण त्याला कोणी व्यायाम म्हणत नाही.

आणि ताई, एक प्रश्न विचारते, राग मानू नये. घरात तो स्वतः उठून काय काय करतो?

उत्तर ३ (एका मुलीचा बाबा)

माझी मुलगी २९ वर्षांची आहे. एक वेगळा मुद्दा नोंदवतो. प्रौढ माणसाला नाही म्हणण्याचा अधिकार असतो, तो आपल्या भावालाही आहे. आम्ही दोन वर्षे तिला ओढत नेले आणि तिने चालण्याचा धसका घेतला. पुढे पोहणे, सायकल आणि टेबल टेनिस या तिन्हींची चव तिला दाखवली. तिने टेबल टेनिस निवडले. निवड करण्यासाठी आधी पर्याय अनुभवलेले असावे लागतात, नुसते ‘काय आवडेल?’ विचारून उत्तर मिळत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीची ‘स्पेशल ऑलिम्पिक्स’ ही क्रीडा चळवळ १९६८ पासून आहे आणि तिच्या ‘युनिफाइड स्पोर्ट्स’ प्रकारात बौद्धिक अक्षमता असलेले व नसलेले खेळाडू एकाच संघात खेळतात. मुलीला तिथे पदकापेक्षा जोडीदार मिळाला, याचे मोल मला अधिक वाटते.

उत्तर ४ (वाचक)

पोहण्याचा उल्लेख आला म्हणून लिहितो: ज्यांना फिट येतात त्यांनी पाण्यात एकट्याने उतरू नये. सोबत केवळ त्यांच्यावरच लक्ष ठेवणारा, पोहता येणारा माणूस असावा. बौद्धिक अक्षमता असलेल्यांत फिट येण्याचे प्रमाण बरेच अधिक असते.

धाकट्याची ताई

सर्वांचे मनापासून आभार. केंद्रातील ताईंच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी आठवडाभर केवळ पाहत राहिले. पाणी आम्ही हातात नेऊन देतो, कपडे आम्ही काढून ठेवतो, ताट आम्ही उचलतो, टीव्हीचा आवाजही तो हाक मारून आमच्याकडूनच वाढवून घेतो. त्याने उठावे असे त्या घरात काही उरलेलेच नव्हते, आणि ती व्यवस्था आम्ही प्रेमाने लावलेली होती.

थायरॉइडसाठी रक्त तपासायला दिले आहे, मान आणि झोप यांविषयी पुढच्या भेटीत विचारणार आहे. पायांतले जोडे काढून पाहिले तर दोन्ही टाचांवर घट्टे होते. जोडे त्याला अरुंद पडत होते आणि हे आम्हाला किती दिवस कळले नाही कोण जाणे. रुंद जोडे आणल्यावर तो काल कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपर्यंत न बसता गेला. येताना मात्र बसला, दोनदा.

फिजिओथेरपिस्ट

येताना बसला ते उत्तमच. तो थकतो कुठे हे आपल्याला कळले. त्या दोन जागांच्या थोडे अलीकडे आपणच थांबावे आणि त्याच्या आधी आपण बसावे.